शब्दकोड्याची चौकट लहान करू नका

सर्व मराठी दैनिकांचे संपादक, आणि ज्यांची नावे कधी छापून येत नाहीत ते सर्व शब्दकोडेकार यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर आमचे औषधांचे दुकान आहे. सकाळी शटर वर गेले, उदबत्ती लागली की पेपर येतो. आधी 'हे' पहिल्या पानावरून नजर फिरवतात, मग पेपराच्या चार घड्या होतात आणि शब्दकोडे वर येईल असा तो काउंटरवर, बिलबुकाच्या शेजारी जाऊन बसतो. तिथेच दोरीने बांधलेले बॉलपेन आहे. ते बांधले होते उधारीच्या वहीसाठी. पण त्याची शाई सगळ्यात जास्त कशावर खर्च होते हे आमच्या रोजच्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे.

औषधाच्या दुकानात आनंदाने कोणी येत नाही. कुणाच्या हातात मुलाच्या तापाची चिठ्ठी असते, कुणाच्या घरचे माणूस समोरच्या दवाखान्यात ॲडमिट असते. एकाची औषधे काढून होईपर्यंत मागच्या चार जणांना उभे राहावे लागते. त्या चार जणांच्या नजरा आधी कपाटावरून फिरतात, मग एकमेकांवरून, आणि शेवटी काउंटरवरच्या अर्धवट भरलेल्या चौकोनांवर येऊन थांबतात. मग कोणीतरी मान वाकडी करून वाचतो, "आडवे नऊ, साप, चार अक्षरी." मागून आवाज येतो, "भुजंग!" "ते तीन झालं की ओ." "मग पन्नग?" "ते पण तीनच." तोवर गोळ्यांची पट्टी घेऊन निघालेल्या मावशी पायरीवरून वळून म्हणतात, "विषधर बसतंय का बघा." बसते. आणि ज्यांनी एकमेकांना जन्मात पाहिलेले नाही अशी पाच माणसे हसतात. दवाखान्याच्या रस्त्यावर!

हे सगळे तुमच्या पानावरच्या वीतभर जागेत घडते. ती जागा आता आकसत चालली आहे, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे येणाऱ्या एका दैनिकाने अलीकडे शब्दकोडे पानाच्या तळाशी नेले. चौकोन इतके बारीक झाले की त्यात 'क' मावतो, 'ष्ट्र' मावत नाही. मोठी जाहिरात आली की कोडे त्या दिवसापुरते गायब होते, आणि दुसऱ्या दिवशी ज्याची उत्तरे छापून येतात ते कोडे आम्ही पाहिलेलेच नसते. एकदा तर सूचना एका कोड्याच्या आणि चौकट दुसऱ्याची, असे छापून आले. 'आडवे सात'ला पाच घरे आणि सूचनेपुढे कंसात दोन. त्या सकाळी आमच्या दुकानात जे झाले ते तुम्ही पाहायला हवे होते. छपाईची चूक असेल हे कोणी मान्यच करेना. "पेपरात आलंय म्हंजे असणारच काहीतरी," असे म्हणून एक निवृत्त गुरुजी दोन अक्षरी शब्द पाच घरांत कसा बसेल याचा विचार करीत स्टुलावर बसून राहिले. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आम्ही त्यांच्या पिशवीत घातल्या, सुटे पैसे हातात दिले, तरी ते उठले नाहीत. तुमच्या छापील अक्षरावर लोकांचा एवढा विश्वास आहे, संपादक महाराज. तो बातम्यांच्या पानापुरता नाही.

या कोड्याची सुरुवातच गमतीतून झाली आहे. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या अमेरिकन दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन याने पहिले शब्दकोडे छापले. त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता, आणि वाचकाला सुरुवात करून द्यावी म्हणून 'फन' हा शब्द, म्हणजे गंमत, त्याने आधीच भरून ठेवला होता. त्याच शहरातल्या 'न्यू यॉर्क टाइम्स'ने बराच काळ कोड्याला दारात उभे केले नाही. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४२ साली, त्यांनीही ते सुरू केले. युद्धाच्या बातम्या वाचणाऱ्या माणसाला त्याच पेपरात मन गुंतवायला काहीतरी हवे असते हे त्यांना तेव्हा पटले. आमच्या काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या माणसालाही ते हवे असते.

आता मराठी कोड्याबद्दल, कारण माझा जीव त्यात आहे.

इंग्रजीत एका घरात सव्वीस अक्षरांपैकी एक यायचे असते. आपल्याकडे ३४ व्यंजनांची बाराखडी मांडली तरी अक्षरे चारशेच्या वर जातात, जोडाक्षरे आणखी वेगळी. म्हणजे आडवा आणि उभा शब्द जिथे भेटतात तिथे त्या चारशेंतले नेमके एकच अक्षर दोघांनाही चालले पाहिजे. मराठी कोड्यात काळी घरे जास्त दिसतात त्याचे कारण हे आहे. रचणाऱ्याने आळस केला असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा कोरा चौकटीचा कागद घेऊन बसावे. 'ळ'ने सुरू होणारा शब्द आपल्याकडे नाही, 'ण'नेही नाही. गाण्याच्या भेंड्यांत आपण 'ळ'च्या जागी 'ल' चालवून घेतो, कोड्यात ती सोय नाही. आणि 'महाराष्ट्र' आडवा घातला की शेवटच्या घरात 'ष्ट्र' येऊन बसतो. त्याने सुरू होणारा शब्द आणायचा कुठून? मग उभ्या ओळीत वरून खाली येऊन 'ष्ट्र'वर संपणारा कोणीतरी शोधावा लागतो. राष्ट्र घ्या, सौराष्ट्र घ्या, नाहीतर थेट धृतराष्ट्र. आमच्याकडचे एक रिक्षावाले काका हे इतके पक्के ओळखून आहेत की आडव्यात महाराष्ट्र दिसला की सूचना न वाचताच म्हणतात, "खाली आंधळा राजा बघा." बहुतेक वेळा तो असतो.

हे असले कोडे रोज एक, आणि तेही नवे, जो माणूस रचतो त्याचे नाव तुम्ही छापत नाही. व्यंगचित्राखाली सही असते, छायाचित्राखाली नाव असते, पाककृती पाठवणाऱ्या ताईंचे नाव गावासकट असते. कोडे मात्र निनावी. माझी पहिली मागणी हीच आहे. नाव छापा. रचणाऱ्याचे नाव कळले की त्याचा स्वभावही ओळखीचा होतो. कोण पुराणात रमतो, कोण शेतीतले शब्द आणतो, कोण सोमवारी दया दाखवून शनिवारी घाम काढतो. आत्ताही आम्ही अंदाज बांधतोच. एका पेपरातल्या रचनाकाराला आम्ही 'कमळवाले' म्हणतो, कारण त्यांना कमळ फार प्रिय. पंकज, सरोज, अरविंद, राजीव, उत्पल, नलिनी, सगळी कमळे त्यांनी आम्हाला पाठ करून दिली. त्यांना भेटून एकदा नमस्कार करायची आमच्या मामंजींची फार इच्छा आहे. पण करायचा कुणाला?

कोड्यातले जग मला फार आवडते. त्या गावात राजे पुष्कळ आहेत आणि प्रत्येक राजाच्या दारात हत्ती आहे, कधी गज, कधी कुंजर, कधी वारण. तिथे चोराला तस्कर म्हणतात, पोपटाला शुक म्हणतात आणि मांजर मार्जार होऊन मूषकाच्या मागे धावते. पाणी प्यायचे तर आड आहे, नाहीतर उदक, नीर, तोय असे काहीबाही आहे, नळ मात्र दमयंतीचा. आमच्या शेजारचा आठवीतला मुलगा परीक्षेच्या निबंधात 'वारू उधळला' असे लिहून आला. बाईंनी बोलावून विचारले, शब्द कुठे मिळाला? तो म्हणाला, "मेडिकलमध्ये."

पण त्याच गावात आता थोडी नवी माणसेही राहायला येऊ देत. मागे एकदा सूचना होती, 'तंतुवाद्याच्या घोडीवर काढतात ती (३)'. रांग तिथे अडली. एक गृहस्थ लग्नाच्या घोडीपर्यंत जाऊन परत आले. तेवढ्यात पित्ताच्या गोळ्या घ्यायला आमच्या नेहमीच्या सतारवाल्या मामांचे येणे झाले. सूचना ऐकून ते हसायलाच लागले. "जवारी लिवा की वैनी. आमचं आयुष्य गेलं त्या जवारीत." मग त्यांनी काउंटरवरची पट्टी आडवी धरली, तिला घोडी मानले आणि दोन बोटांची तार करून दाखवले, की घोडीचा माथा कानशीने हळूहळू घासायचा असतो, तार त्यावर किती टेकते त्यावर आवाज खुला की बंद ते ठरते, आणि तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा एक केसभर सरकवला की सूर झणझणून उठतो. औषधे घेऊन झालेली माणसेही थांबून ऐकत होती. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते आम्ही सर्वांनी पेपरात वाचले होते. पण जवारी म्हणजे काय, ते त्या दिवशी तीन चौकोनांमुळे कळले.

असे शब्द आणा ना! सुताराचे, कुंभाराचे, गवंड्याचे, दर्यावरचे, गुऱ्हाळातले. वऱ्हाडातले आणा, मालवणातले आणा, खानदेशातले आणा. त्यातून भांडणे होतील, होऊ देत. 'शेत (३)' या एका सूचनेने आमच्याकडे अर्धा तास रंग भरला होता. नात्यातल्या पेशंटसाठी अकोल्याहून आलेल्या एक बाई म्हणाल्या 'वावर', आमच्या बाजूचे म्हणाले 'शिवार'. दोन्ही तीन अक्षरी, दोन्हींचे शेवटचे अक्षर 'र', आणि उभा शब्द नेमका त्या 'र'मधूनच जाणारा. "शिवार म्हणजे अख्खं गावचं रान," असे बाईंचे म्हणणे, आणि ते बरोबरही होते. दुसऱ्या दिवशी उत्तर आले शिवार. बाईंनी पेपर वाचला, घडी घातली आणि सांगितले, "छापलं म्हणून काय झालं? आमच्याकडं वावरच म्हणतात." त्यांच्या पेशंटला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी त्या मुद्दाम दुकानात येऊन पेढे देऊन गेल्या.

ऱ्हस्व-दीर्घाचे काय करायचे ते एकदा ठरवून टाका. 'चिमा काय कामाची' हे उलटसुलट सारखे वाचता येणारे वाक्य आपण लहानपणापासून म्हणतो. पण लिहिताना पहिली 'चि' ऱ्हस्व आणि शेवटची 'ची' दीर्घ. कानाला सारखे, घरात वेगळे. कोड्यात हा पेच रोज येतो. १९६२ साली लेखनाचे नियम ठरले तेव्हापासून 'रवी' दीर्घ लिहायचा आणि 'रविवार' ऱ्हस्व. आता आडवा 'रवी' आणि त्याच घरातून खाली उतरणारा 'विळा' असेल तर वेलांटी कुणाची खरी? माझे मत असे, की सूट द्या. रचणाऱ्यावर आधीच चारशे अक्षरांचे ओझे आहे. मात्र चौकटीच्या डोक्यावर एक ओळ रोज छापा, 'ऱ्हस्व-दीर्घ भेद मानलेला नाही'. तेवढ्या एका ओळीने महाराष्ट्रातल्या किती घरांतली सकाळची भांडणे मिटतील! आमच्या घरात सासूबाई 'वी' खोडून 'वि' करतात आणि मामंजी 'वि' खोडून 'वी'. संध्याकाळपर्यंत त्या घराला भोक पडते. कागद जरा जाड वापरा हेही जाता जाता सांगते.

सूचना लिहिणाऱ्यांना माझे एक मनापासूनचे मागणे आहे. समानार्थी शब्द देऊन भागवू नका. 'पर्वत (२)', उत्तर 'नग', यात भरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आपल्या भाषेत एकाच शब्दाला 'तो' म्हटले तर एक अर्थ आणि 'ती' म्हटले तर दुसरा, अशी केवढी मौज पडून आहे. 'तो द्यावा, ती झुकवावी (२)'. उत्तर मान. 'सरकारला भरायचा, देवापुढे जोडायचा (२)'. उत्तर कर. 'देवाने दिला तर मागितलेला, मांडवात आला तर मिरवलेला (२)'. उत्तर वर. असल्या सूचनेवर रांगेतल्या माणसाच्या कपाळाची आठी आधी घट्ट होते आणि मग एकदम सुटते. ते सुटणे पाहायला मिळावे म्हणून मी औषधे थोडी सावकाश काढते. तातडीची चिठ्ठी असेल तर नाही, बाकीच्यांची.

ही मौज आपल्या अंगणातलीच आहे. 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे' म्हटले की तोंडातले दात आणि जीभ, 'सूपभर लाह्या, त्यात एक रुपया' म्हटले की चांदण्या आणि चंद्र, हे आपल्या आज्यांनी चुलीपुढे बसून घातलेले हुमाण आहे. पातळ औषधाच्या बाटलीकडे बघून ओठ काढणाऱ्या मुलाला मी बत्तीस चिरे घालते. तो विचार करायला तोंड बंद करतो, आणि उत्तर सांगायला उघडतो. त्याच्या आईला औषध पाजायला तेवढा वेळ पुरतो. मुलांसाठी चार बाय चारचे एक कोडे आठवड्यातून एकदा तरी द्या. मोठ्यांच्या कोड्याच्या बाजूलाच द्या, पुरवणीत लपवू नका.

सुडोकूबद्दल मला राग नाही. सगळ्यांना वाटते ते जपानी, पण ते रचले अमेरिकेतल्या हॉवर्ड गार्न्स या निवृत्त वास्तुरचनाकाराने, १९७९ साली. जपानमध्ये ते १९८४ च्या सुमारास रुजले, नाव तिथले मिळाले, आणि २००४ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने छापल्यावर जगभर पसरले. ते कुठल्याही भाषेतल्या पेपरात जसेच्या तसे टाकता येते, म्हणून तुम्हाला सोयीचे पडते हेही मी समजू शकते. दुकानातला फरक मात्र सांगायलाच हवा. सुडोकू भरणारा माणूस गप्प असतो. त्याला मागच्याने "सात लिहा" म्हटलेले आवडत नाही, आणि मागच्यालाही सात का ते सांगता येत नाही. शब्दकोडे भरणाऱ्याला मागचा लागतोच. शाळा कमी शिकलेल्या भाजीवाल्या मावशी तिथे गुरुजींच्या पुढे जातात, कारण 'औताचा भाग (२)' म्हणजे 'फाळ' हे त्यांना पाहून माहीत असते. म्हणून दोन्ही छापा. पण जागा कमी पडली तर शब्दकोड्याला कात्री लावून सुडोकूला जागा देऊ नका.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, तुम्ही विशेष पाने काढता. थोरांचे लेख असतात, भाषेची चिंता असते. आम्ही ते वाचतो. येत्या २७ फेब्रुवारीला एक करून बघा. अख्ख्या पानाचे शब्दकोडे छापा. पूर्ण पान, अंगठ्याएवढी घरे, आणि खाली ज्यांनी रचले त्यांचे नाव. बक्षीस ठेवू नका. बक्षीस ठेवले की लोक उत्तरे झाकून ठेवतात. आम्ही ते पान दुकानाच्या काचेवर आतून चिकटवू, पेन बाहेर दोरीला टांगू, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याने एकेक घर भरत जावे. सतारवाले मामा, रिक्षावाले काका, भाजीवाल्या मावशी, दवाखान्यातल्या सिस्टर, सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवले आहे. पलीकडच्या मेडिकलवाल्यांनीही तयारी दाखवली आहे. धंद्यात आमची स्पर्धा आहे, कोड्यात नाही. परवाच त्यांचा फोन आला होता, मला वाटले एखादे इंजेक्शन शिल्लक आहे का विचारायला. तर म्हणाले, "वहिनी, उभे चौदा काय घातलंत?"

आणि उत्तरांचे. ती त्याच दिवशी, त्याच पानावर उलटी छापायची टूम काही ठिकाणी निघाली आहे. ती आपण आणू नये. उत्तर दुसऱ्याच दिवशी यावे, पण न चुकता यावे. रात्रभर एखादा शब्द डोक्यात घोळवण्यात जे सुख आहे ते पान उलटे करून मिळत नाही. गुरुजींनी एकदा रात्री साडेदहाला घरी फोन करून, "सापडला, 'अनुज'!" एवढेच सांगितले आणि ठेवून दिला. सकाळी आमचे शटर उघडायच्या आधी ते आणि रिक्षावाले काका पायरीवर येऊन बसलेले असतात, आदल्या दिवशीच्या उभ्या बाराचे उत्तर कुणाचे खरे ते बघायला. ज्या दिवशी तुम्ही उत्तर छापत नाही त्या दिवशी त्यांचा वाद आम्हाला मिटवता येत नाही, आणि दोघांच्या मधून वाट काढत दुकानात शिरणे गिऱ्हाइकांना अवघड जाते. तेव्हा तेवढे न विसरता बघावे ही विनंती.

आपली,
मिरजेतील एक औषधविक्रेती

ता. क. कमळवाल्यांना आमच्या मामंजींचा नमस्कार पोचवावा. 'इंदीवर' अजून आलेले नाही, त्याची ते वाट पाहत आहेत.